पूजेला बसवलेला हातमोजा

मित्रांनो, माझ्या अंगावर हळदीकुंकवाचे डाग आहेत. मला कपाळ नाही, म्हणून ते तळव्यावरच लावलेत. पण मी काही देव नाही. मी बेसबॉलमधल्या कॅचरचा एक जुना हातमोजा आहे. रियाध शहराच्या टोकाला अल सुलै म्हणून गोदामांचा भाग आहे. तिथल्या कामगारांच्या खोलीत, एका फळीवर मी कित्येक वर्षं पडून होतो. पडून म्हटलेलं माझ्या मालकाला आवडणार नाही. तो म्हणेल, मानानं ठेवला होता. तर त्या मानाचीच गोष्ट सांगतो. गोड नाही ती. नको असेल तर पान उलटा.

बेसबॉल तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिलाही नसेल. एक जण जोरात चेंडू फेकतो, दुसरा तो बॅटनं मारायला उभा असतो आणि त्याच्या पाठीमागे तिसरा उकिडवा बसलेला असतो. बॅटला चुकवून आलेला प्रत्येक चेंडू या तिसऱ्यानं घ्यायचा. तो कॅचर. चेंडू दगडासारखा कडक. म्हणून कॅचरचा हातमोजा इतर खेळाडूंपेक्षा वेगळा असतो. त्याला बोटं नसतात. भाकरीसारखा गोल, आणि आत जाड गादी. ती गादी म्हणजेच मी. बाकी सगळं नुसतं कातडं.

माझा जन्म मेरठचा. कातडं म्हशीचं. एका शेडमध्ये ओळीनं बसलेल्या बाया आमच्या कडेनं चामड्याची वादी ओवत असत. माझी वादी इस्मत नावाच्या बाईनं ओवली. ती दिवसभर कुणाशी ना कुणाशी भांडत असे, पण गाठ कधी ढिली सोडली नाही. तिनं आयुष्यात बेसबॉल पाहिला नव्हता. तरी तिला एवढं ठाऊक होतं की, या वस्तूत कुणाचा तरी हात जाणार आहे.

तो हात पंकजचा निघाला. कराडच्या बाजूला एक कॉलेज आहे, तिथं मी आलो. पंकज तिथं बी.ए.ला होता. फुटबॉलच्या संघात गोलकीपर आणि बेसबॉलच्या संघात कॅचर. अभ्यास सोडून सगळं करायचा. त्याच्या हातात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पुठ्ठ्यासारखा ताठ होतो. त्यानं मला कुटलं, चुरगाळलं, रात्री आत चेंडू ठेवून दोरीनं करकचून बांधलं आणि उशाखाली घेऊन झोपला. महिन्याभरात मी त्याच्या तळहाताच्या आकाराचा झालो. चेंडू आला की ठप्प असा आवाज व्हायचा. तो आवाज ऐकायला पोरं मैदानाच्या कठड्यावर येऊन बसत. मित्रांनो, खरं सांगतो, रोज मार खात होतो, पण इतका सुखी मी पुन्हा कधी झालो नाही.

मग निरोपाचा समारंभ आला. आपल्याकडे सत्काराला उभं राहिलं की माणसांचं भान सुटतं. शाल दिली, श्रीफळ दिलं. टाळ्या काही थांबेनात. तेव्हा जिमखान्याच्या सरांना गहिवरून आलं आणि त्यांनी मला उचलून पंकजच्या हातात दिलं. म्हणाले, हा आता तुझाच. कॉलेजात कॅचरचा हातमोजा तो एकच होता. उद्यापासून कॅचर काय घालणार, हे सभागृहात एकानंही विचारलं नाही. पंकजच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यानंही नाही विचारलं.

पुढं पंकज एसी दुरुस्तीचं काम शिकला आणि रियाधला आला. इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, हातात पडेपर्यंत त्याला कॅम्पबाहेर जाता येईना. तेव्हा तो मला पोटाशी घेऊन बसायचा. खोलीत आणखी दोघं होते. एक महाडचे पांडूकाका, प्लंबर, वयानं सगळ्यांत मोठे. दुसरा चिपळूणचा शाहिद, फोर्कलिफ्ट चालवणारा, तोंडाचा तिखट. तिघंही कामावर हिंदी बोलत आणि खोलीत मराठी. उन्हाळ्यात बाहेर पत्रा भाजून निघायचा आणि आत एसीची कोरडी हवा. माणसांचे ओठ फुटायचे. माझं कातडं कोण बघतो?

शुक्रवार हा सुट्टीचा दिवस. त्या दिवशी पंकजला त्याचं कॉलेज चढायचं. मोबाइलवर माजी खेळाडूंचा एक ग्रुप होता. नाश्ता झाला की हा गादीवर मांडी घालून बसायचा आणि दोन्ही संघांचं भविष्य सांगणारे लांबच्या लांब व्हॉइस मेसेज पाठवायचा. फुटबॉलचं यंदा काही खरं नाही. गोलकीपर चेंडू आला की डोळे मिटतो. पुढचे तिघं पळतात चांगले, पण कुठं पळायचं ते त्यांना कुणी सांगितलेलं नाही. बेसबॉलची पोरांची टीम दुसऱ्या फेरीत घरी येणार. पोरींची मात्र फायनलला जाईल, फक्त ती कॅचर बदला, लोण्याच्या हाताची आहे ती.

शाहिद चहा गाळता गाळता म्हणायचा, “भाई, तू इथल्या एसीत गॅस भर. तुझ्या कॉलेजचा गोल ते तिकडं सांभाळतील.”

पंकज हसायचा आणि पुढचा मेसेज सुरू करायचा. ग्रुपवर त्याला मान होता. रियाधचा माणूस, शिवाय जुना कॅचर. त्याच्या बोलण्यावरून एकदा खरंच त्या पोरीला संघातून काढलं. लोण्याच्या हाताची म्हणे! त्या हातात काय घातलं होतं, ते याला माहीत नव्हतं का? फिल्डिंगचा पातळ मोजा घालून ती कॅचरच्या जागी बसत होती. तिला जे हवं होतं ते इथं, याच्याच डोक्यावरच्या फळीवर होतं. लांब बसून संघाची लायकी ठरवणाऱ्यांचा मला संताप येतो. तुमच्यातही असतील असे. सामना संपला की सगळ्यांत मोठा आवाज यांचाच.

आणि माझी सेवा काय चालायची तेही ऐका. खंडेनवमीला आपली माणसं हत्यारांची पूजा करतात. खोलीतही दार लावून, आवाज न करता व्हायची. पांडूकाकांचे पाने, पंकजचे गॅसचा दाब मोजायचे गेज आणि त्यांच्यामध्ये मी. हळद, कुंकू, प्लास्टिकची झेंडूची फुलं. पाने दुसऱ्या दिवशी पुसून कामाला जात, ते तेवढे नशीबवान. मी परत फळीवर. कातडं मऊ राहावं म्हणून पंकज दर वर्षी मला खोबरेल तेल चोपडायचा. डोक्याला लावतात तेच. मायेनं लावायचा, पण त्यानं माझी वादी आतून कुजत गेली आणि गादीचा गोळा झाला. वापरातल्या कातड्याला हाताची ऊब लागते, चेंडूचा मार लागतो. कोरड्या हवेत नुसतं तेल पाजून ते जगत नाही.

त्यातच पंकजला एक खूळ लागलं. कॉलेजचा सामना असला की तो माझं तोंड पूर्वेला, हिंदुस्थानाकडं करून ठेवायचा. तसं केल्यावर एकदा संघ जिंकला होता. झालं, मी शकुनाचा झालो. मग मला कुणी हात लावायचा नाही.

अशात त्याची धाकटी बहीण संपदा त्याच कॉलेजात गेली आणि काढलेल्या पोरीच्या जागी कॅचर झाली. पंकजची छाती फुगली. संपदा गुणी होती. विद्यापीठाच्या संघात निवड व्हावी, त्या प्रमाणपत्रावर पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेसाठी अर्ज करावा, एवढंच तिचं ठरलेलं होतं. घरात दुसरी काही वाट नव्हती आणि ते तिला पक्कं माहीत होतं.

तिनं फोनवर मला मागितलं. म्हणाली, दादा, पातळ मोज्यानं तळहात सुजतो, झोपताना उशीखाली दाबून धरते तेव्हा कुठं ठणका थांबतो. पंकज म्हणाला, आमचेही सुजायचे, हात त्यानंच तयार होतो. तू मैदानात खेळ, मी इथून ग्लोव्हचं तोंड तुझ्याकडं करून ठेवतो. आईकडं फोन दिला तिनं.

मग पांडूकाका सुट्टीवर निघाले. आखाती मुलखातून कुणी गावाला निघालं की त्याची बॅग त्याची एकट्याची राहत नाही. प्रत्येकाचं काही ना काही त्यात जातं. दूध पावडरचे डबे, अत्तराच्या बाटल्या, ब्लँकेट, कुणाच्या तरी आईचं गुडघ्याचं मलम. काट्याला लटकवून बॅग मोजली, सामान काढलं, घातलं, पुन्हा मोजली. शेवटी पांडूकाका पंकजला म्हणाले, “पोरीचा ग्लोव्ह दे हिकडं. ब्लँकेट काढतो मी एक.”

पंकजनं मला फळीवरून उतरवलं. मला वाटलं, सुटलो. त्यानं मला उलटसुलट केलं आणि पुन्हा वर ठेवलं. त्याच्या मनात दुसरंच होतं. रियाधच्या बत्था बाजारातून त्यानं एक भलामोठा फ्लेक्स छापून आणला होता. वर दोन्ही संघांना शुभेच्छा आणि खाली त्याचं नाव, गावाच्या जागी रियाध. मध्ये त्याचा कॉलेजातला फोटो, हातात मी. ती सुरळी बॅगेत गेली. ब्लँकेट काढावंच लागलं, पण फ्लेक्ससाठी. माझा फोटो गावाला गेला. मी इथंच राहिलो.

निवडीचा सामना शुक्रवारी सकाळी होता. कुणीतरी मोबाइल उभा करून तो थेट दाखवत होतं. पंकज आणि शाहिद खाटेवर दाटीवाटीनं बसले. मी फळीवर, तोंड पूर्वेला. पडद्यावर मैदान दिसलं, संपदा दिसली आणि तिच्या पाठीमागच्या जाळीवर बांधलेला तो फ्लेक्स दिसला. मित्रांनो, जरा डोळ्यांपुढं आणा. भिंतीएवढा मी तिच्या पाठीशी छापलेला आणि तिच्या हातात चिंधीसारखा तो पातळ मोजा.

पोरींनी सुरुवात झकास केली. पंकज शाहिदच्या मांडीवर थापा मारत होता, सांगितलं होतं की नाही म्हणत होता. मग एक चेंडू आत वळून आला. संपदानं तो घेतला. पण मोज्याचा अंगठा मागं मुडपला आणि त्यातला तिचा अंगठाही. ती खाली वाकली. तशीच परत बसली. पुढचे दोन चेंडू तिनं घेतले. तिसरा हातातून निसटला आणि लांब गेला. त्यावर समोरच्या संघाची पोरगी धाव पूर्ण करून गेली आणि संपदाला मैदानाबाहेर नेलं.

ग्रुपवर लोक विचारू लागले, पंकजराव, कुठं गेली तुमची फायनल? सवयीनं त्याचं बोट व्हॉइस मेसेजवर गेलं. तो बोलू लागला, की कॅचरनं अंगठा आत घ्यायला हवा होता, चूक तिचीच आहे.

शाहिदनं त्याच्या हातातला मोबाइल काढून घेतला. ओरडला नाही. म्हणाला, “पंकज, ती तुझी बहीण आहे. आणि ग्लोव्ह तुझ्या डोक्यावर आहे.”

पंकजनं मान वर केली नाही.

संध्याकाळी संपदाचा फोन आला. अंगठ्याच्या हाडाला चीर गेली होती, प्लास्टर घातलं होतं. विद्यापीठाच्या संघात समोरच्या कॉलेजची कॅचर गेली. पंकज घाईघाईनं म्हणाला, शाहिद पुढच्या महिन्यात सुट्टीवर येतोय, त्याच्याकडं लगेच देतो, तू बरी होईपर्यंत पोचेल.

“माझं हे वर्ष गेलं, दादा,” ती म्हणाली. “आता माझ्या जागी स्मृती बसणार आहे. पहिल्या वर्षाची पोरगी आहे. तिच्या हातात परत तोच पातळ मोजा. तिच्यासाठी पाठव.” मग म्हणाली, “आणि तो फ्लेक्स मी उतरवायला लावलाय.”

पंकज हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर त्यानं मला खाली घेतलं आणि हातात घातलं. दोन खोल्यांच्या मधल्या जागेत शाहिदनं क्रिकेटचा चेंडू फेकला. ठप्प आवाज आला नाही. मी मिटलोच नाही. चेंडू माझ्यावर आपटून पायाशी पडला आणि तळव्याकडची वादी तट्कन तुटली. पंकजनं हात झटकला. त्याला लागलं होतं. तो म्हणाला, अजून एक टाक. शाहिद नको म्हणत होता, पण यानं ऐकलं नाही. तुटक्या वादीसकट तो मला घालून उकिडवा बसला आणि अंधार पडेपर्यंत चेंडू अंगावर घेत राहिला. हे बरोबर केलं असं मी म्हणणार नाही. त्यानं संपदाचा अंगठा बरा होत नाही.

बत्था बाजारातल्या चप्पल शिवणाऱ्याकडून त्यानं नवी वादी ओवून घेतली. त्या कारागिरानं स्पष्टच सांगितलं की, कातडं तेलानं खाल्लंय, एखादा हंगाम निघाला तर निघाला. हळदीकुंकवाचे डाग घासूनही निघाले नाहीत. आता मी शाहिदच्या बॅगेत आहे. स्मृतीच्या हाताशी जाऊन टिकेन की पहिल्याच चेंडूला फाटेन, मला माहीत नाही. पंकजनंही यंदा काही भविष्य सांगितलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत एक काचेचं कपाट असेल. कपांशेजारी नवे चेंडू, चांगली बॅट, नेट मांडून ठेवलेलं असेल. कपाटाला कुलूप असेल, आणि मैदानात तुम्ही फाटक्या चेंडूनं खेळत असाल. कप राहू द्या आत, ते त्यासाठीच असतात. पण आम्हाला बाहेर काढा. जा आणि सरांकडं चावी मागा. सर रागावतील, पाहुणे येणार आहेत म्हणतील, तरी मागा. खेळून झालं की आमचा घाम पुसा, सावलीत वाळवा आणि दुसऱ्या दिवशी परत हातात घाला. आमची काळजी म्हणजे एवढीच. आम्ही झिजून संपलो तर रडू नका, त्यासाठीच आम्हाला शिवलेलं असतं. मला त्या फळीवरून उतरवायला एका मुलीचं हाड मोडावं लागलं. तुमच्याकडं तेवढी वाट पाहू नका.