शाफ्टमध्ये आहे

आठवड्याचे सहा दिवस तो लिफ्टचा मिस्त्री असायचा आणि रविवारी चर्चचा पाळक. मंडळी जेमतेम पन्नास माणसांची. तेवढ्यावर पाळकाचं घर चालणं कठीण, म्हणून पंधरा वर्षांपूर्वी त्याने हातात पाना घेतला तो सुटलाच नाही. "आमचे पाळकसाहेब दोन्ही अर्थांनी लोकांना वर नेतात," हा विनोद प्रत्येक नवख्याला ऐकवला जाई, आणि तोही दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसे.

पण दोन कामांचा एक चोरटा फायदा असतो, आणि तो त्याने पुरेपूर घेतला होता. वर्कशॉपमध्ये जीव रमला नाही की 'मंडळीत कुणी आजारी आहे'. मंडळीत कुणाकडे जायचं जिवावर आलं की 'कामावर अडकलोय'. बायकोला हे ठाऊक होतं. "दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात," ती एकदा म्हणाली होती, "तुम्ही मात्र दोन्हीकडून जेवून उठता."

त्या बुधवारी एका ऑफिसची बंद पडलेली लिफ्ट दोन वाजताच सुरू झाली, आणि दोघे शाफ्टमधून, लिफ्टच्या त्या उभ्या अंधाऱ्या बोगद्यातून, बाहेर आले. जोडीदार हत्यारं आवरून निघून गेला. हा गच्चीवर, मशीनच्या खोलीच्या सावलीत भिंतीला पाठ टेकून बसला. अर्धा तास त्याला कुणाचाच कुणी व्हायचं नव्हतं.

फोन वाजला. शिंपीकाका. मंडळीतले सर्वांत म्हातारे, महिनाभर अंथरुणाला खिळलेले. काकांचं बोलणं म्हणजे सुईत दोरा ओवायलाच अर्धा तास. त्याने फोन वाजू दिला. पुन्हा वाजला, तरी वाजू दिला. तिसऱ्यांदा वाजून थांबल्यावर त्याने मेसेज टाकला: 'शाफ्टमध्ये आहे. संध्याकाळी येतो.'

काका चार वाजता गेले.

दफनाच्या दिवशी त्याने पवित्र शास्त्र वाचलं, प्रार्थना केली, मूठभर माती टाकली. परतताना काकांची मुलगी त्याच्याजवळ आली. ती शाळेत शिकवायची. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"तुमचा मेसेज मी बाबांना वाचून दाखवला," ती म्हणाली. "म्हणाले, 'असू दे. अंधारात लोंबकळत काम करतो बिचारा, त्याची घाई करू नकोस.' काहीतरी सांगायचं होतं त्यांना. मी म्हटलं, मला सांगा. तर म्हणाले, 'तुला नाही, त्यालाच.' काय असेल हो?"

"माहीत नाही," तो म्हणाला. तेवढं एक खरं होतं.

दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. 'बिचारा' हा शब्द कानातून जात नव्हता. शेवटी त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले.

"मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "मी कुठे तुमची वाट बघत होते?"

शनिवारी तो शिंपीकाकांच्या घरी गेला. मुलीने खुर्ची दिली, पण तो उभाच राहिला.

"मी शाफ्टमध्ये नव्हतो," तो म्हणाला. "काम संपलं होतं. गच्चीवर बसलो होतो. फोन दिसला, आणि उचलला नाही."

तिने त्याच्यासाठी ठेवलेली खुर्ची परत भिंतीला लावली.

"हे सांगून तुम्ही मोकळे झालात," ती म्हणाली. "आता मी काय करू? कालपर्यंत वाटत होतं, वेळच वाईट होती. आता वाटणार, माणूस सावलीत बसला होता."

क्षमा मागायची म्हणून आलेले शब्द तोंडातच राहिले. ते मागणंसुद्धा आता तिच्याकडून आणखी काही उसनं घेतल्यासारखं वाटलं असतं. तो खाली मान घालून जिना उतरला.

रविवारी उपासनेच्या सुरुवातीलाच त्याने मंडळीसमोर हे कबूल केलं. "अहो, माणूस आहे, थकतो," कुणी म्हणालं. कुणी पाठीवर हात ठेवला. त्या सोप्या माफीने तो जास्तच ओशाळला. काकांची मुलगी त्या रविवारी आली नव्हती. पुढचे तीन रविवारही आली नाही.

चौथ्या रविवारी ती आली, शेवटच्या बाकावर बसली, गाताना उठली नाही. सगळे गेल्यावर म्हणाली, "गुरुवारी मला शाळेतून यायला उशीर होतो. आई एकटी असते, तीन ते पाच. तिला बाबांबद्दल बोलायचं असतं, आणि तेच तेच ऐकून माझा जीव आता थकलाय. तुम्ही याल?"

"येईन."

"प्रार्थना-बिर्थना नको. नुसतं ऐका."

त्याने वर्कशॉपमध्ये खरं कारण सांगून गुरुवारची दुपार मागून घेतली. काकू त्याला समोर बसवून लग्नाच्या कोटाची गोष्ट सांगू लागल्या: काकांनी एका नवरदेवाची डावी बाही उजवीकडे शिवली, आणि तो तसाच लग्नाला उभा राहिला. हसता हसता काकूंना रडू फुटलं. मग त्यांनी डोळे पुसले आणि तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

काकांना काय सांगायचं होतं, ते काकूंनाही ठाऊक नव्हतं.

"बाहीच उलटी!" काकू म्हणाल्या.

"मग?" त्याने विचारलं.