मागच्या बंपरावरचा पोचा

पोचेमामांची गाडी नापास झाली. आरटीओच्या इन्स्पेक्टरने तसं लाल शाईत लिहिलं, खाली सही केली आणि सही वाळावी म्हणून तिच्यावर फुंकर मारली.

आता हे विसरून जाऊ. असं काही झालेलंच नाही. सकाळचे नऊ वाजले आहेत, इन्स्पेक्टर चारला यायचा आहे, आणि पोचेमामा गाडीखाली उताणे पडून एका गंजलेल्या बोल्टची समजूत काढताहेत.

पोचेमामा हे नाव धंद्याने दिलेलं. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या गाड्यांना पडलेले पोचे काढले. आतून ठोकायचं, बाहेरून थोपटायचं, ते इतकं बेमालूम की गाडीवाल्याने घरी जाऊन बिनदिक्कत थापा माराव्यात. स्वतःच्या गाडीच्या मागच्या बंपरावर मात्र सव्वीस वर्षं एक पोचा ठाण मांडून होता. वेळ मिळाला की काढू, असं मामा म्हणत. शेजारचा टायरवाला रोज दोन तास त्यांच्याशी गप्पा मारायचा, त्यामुळे मामांना वेळ कसा तो नसतो हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

गाडी म्हणजे जुनी स्पोर्ट्स कार. बुटकी, लांब नाकाची, दोनच माणसांची. तिसरं माणूस आलं तर त्याने चालत यावं. मामांनी ती भंगारातून उचलून उभी केली, तेव्हा मूळ बंपर कुणीतरी आधीच पळवले होते. मामांनी जीपचे बंपर कापून बसवले आणि इंडिकेटर ट्रॅक्टरचे लावले. समोरून पाहिलं तर गाडी थोरल्या भावाचे बूट घालून शाळेत निघाल्यासारखी दिसे.

आता नवा नियम आला होता. इतकी जुनी गाडी रस्त्यावर हवी असेल तर बंपर, इंडिकेटर, सगळं मूळ रूपात पाहिजे. आज शेवटची तारीख. पास झाली तर रस्ता, नाही तर शेड, कायमची. मामांची मुलगी पोस्टात होती आणि कुठल्याही फॉर्मला भीक घालत नसे. तिने कुठून कुठून पत्रं पाठवून दोन सडपातळ, चकचकीत बंपर आणि चार नारिंगी इंडिकेटर मागवले, रजा टाकली, आणि पाना हातात घेऊन उभी राहिली.

फॉर्मात कलम अकरा होतं. काढलेले जुने भाग निरीक्षकासमोर कापून नष्ट करावेत. कारण लोक तपासणीपुरते मूळ भाग बसवत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आपल्या वळणावर जात. मामांनी ते कलम वाचलं होतं. मुलीनेही वाचलं होतं. दुसऱ्याच्या ध्यानात आलेलं नाही, अशी दोघांचीही पक्की समजूत असल्यामुळे घरात आठवडाभर त्यावर चकार शब्द निघाला नव्हता.

कारण तो पोचा मुलीच्या आईचा होता. गाडी शिकताना तिने एकदा ती मागे घेतली. मामा मागे उभे राहून हात हलवत होते, येऊ दे, येऊ दे. तेवढ्यात टायरवाल्याने काहीतरी विचारलं. मामांनी मान वळवली, उत्तर दिलं, आणि हात आपला हलतच राहिला. गाडी फाटकाच्या खांबावर बसली. ती उतरली, पोचा पाहिला आणि शांतपणे म्हणाली, "तुम्ही येऊ दे म्हणालात, म्हणून आले." पुढे घरातल्या प्रत्येक भांडणात हे वाक्य शेवटी यायचं आणि भांडण तिथेच संपायचं. तिला जाऊन आता दोन वर्षं झाली होती. घरात भांडणं उरली नव्हती.

अकरापर्यंत दोन्ही बंपर बसले. इंडिकेटर बसले. मामांनी डावा लावला, तर उजवा मंद उजळला आणि मागचे दिवे डोळे मिचकावू लागले. उजवा लावला तर काहीच झालं नाही. गाडीला नेमकं कुठे जायचंय ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

"कुठल्या गाढवाने हे वायरिंग केलंय?" मामा म्हणाले. दुसऱ्याची गाडी उघडल्यावर मिस्त्रीने आधी हे म्हणायचं असतं. धंद्याची रीत आहे.

"तुम्हीच केलंय, बाबा," मुलगी म्हणाली.

गाढवाने सगळ्या दिव्यांचं अर्थिंग जुन्या बंपरच्या बोल्टवर घेतलं होतं. नवा बंपर रबरी गुट्ट्यांवर बसला होता, आणि रबरातून करंट जात नाही हे गाढवालाही माहीत असतं. नवी वायर थेट चासीवर नेली, आणि साडेबाराला डावा डावीकडे, उजवा उजवीकडे टिकटिक करू लागला.

मग मुलगी जेवण गरम करायला आत गेली, आणि मामांनी जुना मागचा बंपर चादरीत गुंडाळून खाटेखाली सरकवला. शेडमागे त्याचा जुळा भाऊ पडला होता, जीपचाच, सरळ. तो इन्स्पेक्टरसमोर कापायचा, असा बेत होता. अडचण एकच. इन्स्पेक्टरच्या फाइलीत गाडीचे गेल्या वर्षीचे फोटो होते, आणि फोटोत पोचा होता.

म्हणजे पोचा पाडणं आलं.

चाळीस वर्षं पोचे काढणाऱ्या माणसाने हातोडा घेऊन पहिला घाव घातला आणि आपल्याकडच्या त्याच फोटोच्या प्रतीशी ताडून पाहिलं. पोचा गोल आला होता. तिचा लांबट होता, एका बाजूला ओठ मुडपल्यासारखा. दुसरा घाव घातला. आता पोचा हसल्यासारखा दिसू लागला. टायरवाला कुंपणावरून बघत होता. तो म्हणाला, "मामा, हातोड्याने नाही व्हायचं ते. खांब पाहिजे."

खांब होता तिथेच होता. मामांनी बंपर पोटाशी धरला आणि खांबाकडे पाठ करायची की तोंड, यावर जरा विचार केला. मग पळत जाऊन आदळले. वय त्रेसष्ट. बंपर वाजला, खांबाचा रंग उडाला, मामांच्या बरगडीतून कळ गेली. टायरवाल्याने लांबून हात हलवला, "येऊ दे, येऊ दे." मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. तो हात खिशात घालून दुकानात निघून गेला.

तीन वाजता मामा पुन्हा हातोड्याकडे वळले. नजर सारखी घड्याळाकडे जात होती. पावणेचारला पोचा बराचसा जमला. लांबट, मुडपलेला. मग सवयीने त्यांनी त्याच्या कडा कानसीने गोल केल्या, वर पॉलिश पेपर फिरवला आणि फडक्याने पुसून लख्ख केला.

इन्स्पेक्टर ठरल्या वेळी आला. तरुण होता, सभ्य होता. त्याने बंपर मोजले, इंडिकेटर लावून पाहिले, टिक केली. मग जुना बंपर मागितला. मामांनी दिला. त्याने फोटोशी ताडून पाहिला, पोच्यातून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघितलं.

"काका, इतका स्वच्छ पोचा मी आजवर पाहिला नाही. खरा आणा. कापा, मी लगेच सही करतो."

मुलगी आत गेली आणि खाटेखालून चादरीसकट बंपर घेऊन आली. कुठे आहे ते तिला शोधावं लागलं नाही. तिने तो स्टँडवर ठेवला आणि हळूच म्हणाली, "बाबा, आईला गाडी रस्त्यावरच आवडली असती."

हे खरं होतं, म्हणून मामांनी करवत घेतली. पातं ढिलं वाटलं, आवळलं. पातं जुनं वाटलं, बदललं. इन्स्पेक्टरने एकदाही घड्याळ पाहिलं नाही, हे त्याचं मोठेपण. मामांनी पातं पोच्याच्या कडेला टेकवलं आणि तसंच धरून उभे राहिले. रस्त्यावरून दोन ट्रक गेले.

"नापास लिहा, साहेब," ते म्हणाले.

मग काय झालं ते आपण सुरुवातीलाच विसरलो आहोत.

संध्याकाळी मामांनी मागचा नवा बंपर उतरवला आणि जुना चढवला. बोल्ट या वेळी मुकाट्याने बसले. शेडचं दार बंद करून ते गाडीत बसले, डावा इंडिकेटर लावला. समोरच्या भिंतीवर नारिंगी उजेड पडू लागला, विझू लागला. मुलगी बाजूच्या सीटवर येऊन बसली आणि मांडीवर कागद घेतला. मामा सांगत गेले, ती पोस्टातल्या अक्षरात उतरवत गेली. एका वाक्यापाशी तिचं पेन जरा थांबलं, मग पुढे गेलं.

विषय : पोच्याची मूळ भाग म्हणून नोंद होणेबाबत.

महोदय, उपरोक्त गाडीच्या मागील बंपरावर उजव्या बाजूस एक वीत लांब व दोन बोटं खोल असा पोचा आहे. सदर पोचा अर्जदाराने स्वतः 'येऊ दे' म्हटल्यामुळे पडला असून त्यात चालकाची काहीही चूक नव्हती, हे अर्जदार या अर्जाद्वारे प्रथमच मान्य करीत आहे. सदर भाग बाजारात उपलब्ध नाही. अर्जदाराने तो स्वतः बनवून पाहिला, जमला नाही. तो पाडणारी व्यक्ती हयात नसल्याने नवीन मिळण्याची शक्यता नाही. तरी सदर पोचा गाडीचा मूळ भाग समजण्यात यावा व कलम अकरामधून तो वगळण्यात यावा, ही नम्र विनंती.