ग्रहणात हललेला पाटा

मित्रांनो, मी एक जुना पाटा आहे. ज्वालामुखीच्या काळ्या दगडातून मला घडवलं, तीन पाय दिले आणि तोमाच्या लग्नात मी तिच्यासोबत सासरी आलो. चुन्याच्या पाण्यात उकडलेला मका ती रोज माझ्यावर वाटायची. तिचा जोर उजवीकडे कलायचा, म्हणून मी तिकडेच जास्त झिजलो. शेजारणी म्हणायच्या, तोमाच्या भाकऱ्यांना तोड नाही. मला फार बरं वाटे.

मग गावात गिरणी आली आणि मी अंगणात भिंतीशी जाऊन पडलो. कोंबड्या अंगावर घाण करत, कोणी पुसत नसे. तेव्हापासून मला माझीच धास्ती वाटू लागली. आमच्याकडे सांगतात, मक्याच्या पिठापासून आजची माणसं घडली, त्याआधीची लाकडाची होती. त्यांना काळीज नव्हतं. एका दुपारी सूर्य काळवंडला आणि त्यांच्याच मडक्यांनी, पाट्यांनी उठून त्यांची तोंडं ठेचली. आम्हा दगडांना ही गोष्ट पाठ आहे.

गेल्या वर्षीच्या ग्रहणात तसाच अंधार झाला. सूर्य गिळणाऱ्याला पळवायला सगळा गाव भांडी बडवू लागला. तोमाचे दिवस भरले होते, म्हणून ती दार लावून आत बसली. तिची चौदा वर्षांची लेक शेपा अंगणात हंडीवर काठी मारत होती.

"रोज बूड जाळून घ्यायचं, वर मारही आम्हीच खायचा?" हंडी गुरगुरली आणि आपणहून दाराकडे सरकली. मागोमाग रांजण निघाला. "चल रे कोंबड्यांच्या पाट्या," तो मला म्हणाला, "तू वजनदार. दार तूच फोड."

माझे तिन्ही पाय हलले. मला राग होता, खोटं कशाला सांगू.

शेपाने काठी टाकली आणि माझ्याकडे धावली. शालीने घाण पुसली, मूठभर मका ठेवला, वरवंटा धरला.

"तात," घरातल्या थोरल्याला म्हणावं तसं ती हळूच म्हणाली, "रागावला असशील तर माझी बोटं घे. आत नान आहे, माझी आई, तिच्या पोटात बाळ आहे."

"कुणाशी बोलतेस गं? आत ये मुकाट्याने," तोमा दारामागून ओरडली.

"येते नान. एवढं वाटून होऊ दे."

"चिरड," हंडी म्हणाली.

मी नुसता कललो असतो, तरी तिची बोटं गेली असती. शेपाने जोर लावला आणि तो उजवीकडे गेला, अगदी तोमासारखा. माझ्या झिजलेल्या खळग्यात तो बरोबर बसला. मी पाय रोवले. सूर्याची कड दिसेपर्यंत ती वाटत राहिली, मग हंडी गप्प झाली.

आठवडाभर माझं कौतुक झालं. आता शेपा शहरात शिकते आणि मी पुन्हा भिंतीशी आहे. बाळ रांगत माझ्यापर्यंत येतं, माझ्यावर गाल टेकतं. पुढचं ग्रहण जवळ आलंय.

मित्रांनो, मी वाईट दगड नाही, पण मला माझा भरवसा वाटत नाही. तुमच्याही घरी पाटा असेल. तो कुठे पडलाय, तेवढं आजच बघून या.