नमस्कार पुरे, आता तेल आणा!

“त्या खोगिरावर बसलं तर नक्की काय होतं?”

हा प्रश्न विचारायची शाळेत पैज लागली होती. एक चष्मेवाली आणि एक लांब वेणीवाली अशा दोन मैत्रिणी आमच्या मुलीला म्हणाल्या होत्या, “तुमच्या घरात खोगिरापुढे दिवा लावतात म्हणे! हिंमत असेल तर घरी विचारून दाखव.” आमची मुलगी हसायला लागली की तबेल्यातले घोडे कान टवकारतात, म्हणून तिला घरात सगळे खिंकाळी म्हणतात. तिला कुणी हिंमत काढलेली खपते होय? सुट्टीच्या दुपारी सगळे जेवायला बसले आणि तिने प्रश्न ताटातच वाढला.

बाबांचा घास हातातच राहिला.

“काय होतं म्हणजे?”

“म्हणजे पाय मोडतो, छप्पर पडतं, की खोगीर नुसतंच रुसतं?”

“त्यावर बसायचं नसतं.”

“का पण?”

“नसतं म्हणून नसतं!”

“जेव गं,” आई म्हणाली. तिचं लक्ष ताटात नव्हतं, खिडकीपाशी होतं. माझ्याकडे.

मित्रांनो, ते खोगीर म्हणजे मीच. मी एक जुनं खोगीर आहे आणि मला तोंड असतं तर त्या दुपारी मी बोंब मारली असती, “बस गं बाई, एकदाचं कुणीतरी बस!” घोड्याच्या पाठीवर बांधायची चामड्याची बैठक म्हणजे खोगीर. माणसाने बसावं यासाठीच माझा जन्म झाला. आणि खिंकाळीचे आजोबा, म्हणजे बाबांचे वडील, गेल्यापासून माझ्यावर एका माशीशिवाय कुणीही बसलेलं नाही. ती माशीसुद्धा कंटाळून उडून गेली.

पण आधी माझ्या जन्माचं सांगतो, म्हणजे माझा वैताग कशाचा आहे ते तुम्हाला कळेल.

मला उस्तादांनी बनवलं. खोगीर शिवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून सगळे त्यांना उस्ताद म्हणत. मला शिवण्याआधी ते एक जाड तार घेऊन इथल्या तबेल्यात आले. घोडीच्या पाठीवर ती तार दाबून त्यांनी पाठीचा आकार घेतला आणि तार तशीच सांभाळत, जणू तान्हं मूल उचललंय अशा थाटात, घरी नेली. त्या तारेवरून माझा लाकडी सांगाडा झाला. सांगाड्यावर लोकर आली, लोकरीवर चामडं आलं आणि मेण लावलेल्या दोऱ्याने, दोन्ही हातांत दोन सुया धरून, उस्तादांनी टाके घातले. मान वर न करता ते मला म्हणायचे, “नीट बस रे, लेका. तुझ्यावर माणूस बसणार आहे.”

ज्या घोडीसाठी मला बनवलं, तिच्या पाठीचा पुढचा उंचवटा जरा जास्तच वर होता. तिच्या लेकीचाही तसाच निघाला आणि नातीचाही. ती नात म्हणजे आमची भुरी. तिघींच्या पाठी जणू एकाच साच्यातून काढलेल्या! त्यामुळे माझी कधी बदली झाली नाही. या घराण्याच्या पाठीवर मी तीन पिढ्या काढल्या.

काय दिवस होते ते! आजोबा मला घालून नवे घोडे बघायला जायचे, कुंपण तपासायला जायचे, उगाचच फेरफटका मारायलाही जायचे. माझ्यावर घाम सांडला, चिखल उडाला. एकदा भुरीच्या आईने मला चक्क ओढ्यात बुचकळून काढलं. त्या दिवशी आजोबांनी आधी मला पुसलं आणि मग स्वतःचे कपडे बदलले. आजी किती चिडली होती! येणारे-जाणारे मला हात लावून म्हणायचे, “वा! असं काम आता होत नाही.” मी फुगून जायचो. अगदी खरं सांगायचं तर तो फुगवटा लोकरीचाच असायचा, पण आनंदही होता.

रोज सकाळी तबेल्यात आल्यावर आजोबा पहिल्यांदा माझ्यावर पंजा ठेवायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. पंजा हळूहळू फिरायचा. लोकरीची कुठे गाठ झाली आहे का? टाका सैल पडला आहे का? चामडं कोरडं लागतंय का? डोळे मिटले की बोटांना जास्त कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं. ओठ मात्र हलत असायचे. “आज माझ्या माणसांना पाडू नकोस रे बाबा,” असं ते पुटपुटायचे. हे मला सांगायचे की वरच्याला, ते मला शेवटपर्यंत उमगलं नाही. बहुतेक दोघांनाही. आणि लगेच तेलाचं फडकं घ्यायचे.

मग एका हिवाळ्यात आजोबांना ताप आला आणि ते गेले. अंथरुणावर, शांतपणे. मी त्या दिवशी तबेल्याच्या खुंटीवर होतो. आठवडाभर माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. त्याचं मला वाईट वाटलं नाही. वाईट पुढे झालं.

बाबांनी मला उचललं, छातीशी धरलं आणि घरात आणलं. बैठकीच्या खोलीत, तबेल्याकडे उघडणाऱ्या मोठ्या खिडकीसमोर, लाकडी घडवंचीवर ठेवलं. समोर दिवा लावला. माझ्यावर पंजा ठेवून, डोळे मिटून ते उभे राहिले. रडले. मीही हललो आतून, नाही म्हणत नाही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच! तिसऱ्या दिवशी तेच! पंजा ठेवायचा, डोळे मिटायचे, हात जोडायचे आणि निघून जायचं. तेलाचं नाव नाही! आजोबांकडून निम्मंच शिकले हो! आणि वर खिडकीतून रोज रणरणतं ऊन माझ्या अंगावर. चामड्याला ऊन म्हणजे काय असतं, ते वाळत घातलेल्या चपलेला विचारा.

त्यानंतर माझी जी देवपूजा सुरू झाली, ती काही विचारू नका. घोडी व्यायली की माझ्यापुढे नमस्कार. चारा चांगला आला की नमस्कार. घोड्याला शिंक आली तरी नमस्कार. एकदा एका घोडीचं शिंगरू जन्मताना आडवं आलं. आई बाह्या वर करून तबेल्यात बसली, खांद्यापर्यंत हात आत घालून तिने शिंगराचा अडकलेला पाय सरळ केला आणि ते ओलंचिंब, काटकुळं पिल्लू ओढून बाहेर काढलं. आणि बाबा? बाबा इथे, माझ्यासमोर! “तुम्हीच वाचवलंत,” असं मला म्हणत होते. मी काय केलं होतं? मी तर घडवंचीवर वाळत होतो! आई हात धुऊन आत आली, सगळं ऐकलं आणि म्हणाली, “हो का? मग मी काय नुसता साबण संपवायला गेले होते?”

मला डोकं नाही ते बरंच आहे. नाहीतर मी ते केव्हाच आपटून घेतलं असतं.

हे सगळंही मी सोसलं असतं. पण भुरीचं काय? मी घरात, म्हणून तिच्या पाठीवर नवं खोगीर घालायला लागले. ते दिसायला चकचकीत, पण बेतलेलं भलत्याच पाठीवर. ते तिच्या उंचवट्यावर कचकन दाबायचं. घोडेस्वारी शिकायला येणाऱ्यांपैकी जो बसेल त्याला ती उडवून द्यायची. शेवटी बाबा म्हणाले, “तिचं माथं फिरलंय. बाबांच्या मागे तिचं मन लागत नाही. देऊन टाकू.” आणि घोड्यांच्या व्यापाऱ्याला निरोपही गेला.

अहो, मन नाही, पाठ! पाठ दुखतेय तिची! मी खिडकीत बसून रोज ओरडत होतो, आणि तुम्हाला माहीतच आहे, चामडं ओरडलं तर कुणाला ऐकू येतं?

ऐकू नाही, पण खिंकाळीला दिसलं. जेवताना प्रश्न विचारून उत्तर मिळालं नाही, म्हणून ती तणतणत तबेल्यात गेली आणि भुरीला खरारा करायला लागली. खरारा म्हणजे दात्यांच्या ब्रशने घोड्याचं अंग घासणं. रागात खरारा छान होतो. उंचवट्यापाशी ब्रश गेला तशी भुरी अंग चोरून बाजूला सरली. खिंकाळीने केस बाजूला केले. खाली कातडी सोलवटली होती.

ती जखम भरेपर्यंत खिंकाळीने भुरीवर कुणाला बसू दिलं नाही. “तिला शिकवणी नको, मलम हवं,” असं तिने बाबांना ठणकावलं. बाबा म्हणाले, “लाव मलम. व्यापारी यायचाच आहे.” आणि व्यापारी यायच्या आदल्या दिवशी, आई-बाबा गवताच्या गंजीपाशी असताना, ती बैठकीत आली. मला न्याहाळलं. “माफ करा हं, आजोबा,” म्हणाली आणि मला काखोटीला मारलं.

मित्रांनो, मला किती दिवसांनी वारा लागला! कुंपणावर, खिंकाळीने बोलावलेल्या, चष्मेवाली आणि वेणीवाली बसल्या होत्या. खिंकाळीने मला भुरीच्या पाठीवर ठेवलं आणि मी डब्यावर झाकण बसावं तसा बसलो. भुरीने मोठा श्वास सोडला. खिंकाळीने पोटाखालून तंग आवळला. तंग म्हणजे मला घोडीला बांधून ठेवणारा पट्टा. आणि ती चढली.

भुरी चालली. मग दुडकी चालली. मग अशी सुटली की चष्मेवालीचा चष्मा घसरला! “अगं, ही कुठे माथेफिरू आहे?” वेणीवाली किंचाळली. खिंकाळी हसली, तबेल्यातले सगळे घोडे उत्तरादाखल ओरडले, आणि नेमक्या त्याच वेळी मला माझ्या डाव्या कुशीत काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. टाका. मग दुसरा. मग पुढचे सगळे, उसवत्या बाहीसारखे. थांब गं, थांब! पण सांगणार कसं? पट्टा तटकन तुटला, मी कलंडलो आणि माझ्याबरोबर खिंकाळी जमिनीवर.

मला बनवल्यापासून मी कुणाला पाडलं नव्हतं.

भुरी जागच्या जागी थांबली. आई-बाबा धावत आले. खिंकाळी मातीत बसली होती, कोपर सोललेलं, ओठ फुटलेला. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“सांगत होतो ना! बसायचं नसतं म्हणून सांगत होतो ना!”

“काही मोडलंय का? हात हलव. मान हलव,” आई तिला चाचपत होती.

“मी ठीक आहे, आई. बाबा, हे बघा.” खिंकाळीने माझा तुटका पट्टा उचलला आणि दोन बोटांत चुरगाळला. त्याचा वाळल्या पानासारखा भुगा झाला. “आजोबा रागावलेले नाहीत. दोरा कुजलाय. चामडं वाळलंय. याला तेल कधी लावलं होतं?”

“रोज नमस्कार करतो मी! बाबा करायचे तसाच!”

“तो नमस्कार नव्हता,” आई म्हणाली.

“नव्हता म्हणजे?” बाबा तिच्याकडे वळले.

“म्हणजे नमस्कारही असेल. पण ते चाचपायचे. कुठे गाठ आहे, कुठे टाका सुटलाय. मी या घरात आले तेव्हापासून बघत होते. नंतर तेल लावायचे.”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“तुम्ही याच्यापाशी रडायचात. दुसरीकडे कुठेच रडला नाहीत.” आईने खिंकाळीच्या कोपरावरची माती पुसली. “तेवढी एक जागा होती तुमची. ती कशी काढून घेऊ? म्हणून गप्प बसले. आणि आज पोरगी पडली.”

बाबा गुडघ्यांवर बसले. त्यांनी मला उलटं केलं आणि माझ्या पोटावरून हात फिरवला, हळूहळू, या वेळी डोळे उघडे ठेवून. जिथे चामडं तडकलं होतं तिथे त्यांचं बोट अडलं. पुढे सरकलं, पुन्हा अडलं. भुरीने मान खाली करून त्यांच्या खांद्याला नाक लावलं, तेव्हा त्यांनी तिच्या पाठीवरचा भरत आलेला व्रणही पाहिला.

मित्रांनो, मी फार शहाणा नाही. पण मला विचाराल तर सांगतो, आणि जरा चिडूनच सांगतो. ज्यांच्यावर तुमचा जीव आहे त्यांना उंचावर ठेवून हात जोडू नका. त्यांना हात लावा. कुठे दुखतंय ते बघा. श्रद्धा ठेवायची तर खुशाल ठेवा, आजोबांचीही होती. पण त्यांच्या दुसऱ्या हातात फडकं असायचं!

“मग दिवा?” बाबांनी विचारलं. एखाद्या लहान मुलाने विचारावं तसं. “दिवा कुठे लावू मी?”

“तबेल्यात तर मुळीच नको, गवत पेटेल,” आई पदराने डोळे पुसत म्हणाली. “घरात लावा. मीही उभी राहीन तुमच्याबरोबर.”

खिंकाळी उठली. कपडे झटकले, मला उचलून कमरेवर घेतलं आणि दोघांच्या समोर ताठ उभी राहिली.

“आता माझं ऐका. उद्या व्यापाऱ्याला परत पाठवायचं. भुरी कुठेही जाणार नाही. आणि उद्यापासून शाळा सुटली की मी उस्तादांकडे जाणार. ते हल्ली दप्तरंच शिवत बसतात, त्यांनाही बरं वाटेल. याचा एकेक टाका मी स्वतः घालायला शिकणार, आणि शिकून झालं की हिच्यावर मीच बसणार.”

“आणि परत पडलीस तर?” बाबांनी विचारलं.

“तर माझ्या टाक्याने पडेन, बाबा. आजोबांवर ढकलायचं नाही!”