ओल्या बर्फापुढे आंधळा

मी एक जुना उपग्रह आहे. मित्रांनो, आभाळात राहतो म्हणून मला निर्भय समजू नका. माझा जन्म भिण्यातच चालला आहे.

मला घडवून वर पाठवलं ते एका कामासाठी. हिमालयातला बर्फ वितळला तर किती पाणी होईल, हे सांगायचं. जमिनीतून निघणाऱ्या क्षीण लहरी बर्फात किती अडतात, त्यावरून मी अंदाज बांधतो. बर्फ कोरडा असला की माझा हात धरणारा कोणी नाही. पहिली काही वर्षं कौतुकही फार झालं. पण बर्फ ओला झाला की तो मला दिसेनासा होतो, आणि मी बेधडक 'शून्य' कळवून मोकळा होतो. हे व्यंग मला ठाऊक आहे, पण आकड्यांखेरीज मला वाचा नाही.

माझे आकडे भोकरची पुनम वाचते. ती नांदेडला उपग्रहांचे आकडे वाचायलाच शिकते. तिचा भाऊ भागवत पहाडात रस्त्याच्या कामावर पोकलेन चालवतो, आणि त्याचा तंबू नदीच्या पात्रालगत होता. यंदा ऊन तापलं आणि माझा आकडा चार दिवसांत शून्यावर आला. पुनमने फोन लावला.

"दादा, वरचा बर्फ संपला. पूर न्हाई येत, खुशाल ऱ्हा."

हे मला वर कसं ऐकू आलं, ते विचारू नका.

तिचे वडील अमृतराव जिनिंगवर कापूस घेण्यात म्हातारे झालेले. शेजारी बसून ते ऐकत होते. म्हणाले, "चार दिसात संपला? मग नदीला पाणी लई आलं असंल."

"न्हाई. हाय तेवढंच हाय."

"मग गेला कुठं? पाणी मारलेला कापूस ढिगात दबतो, पोरी. दिसतो कमी, काट्यावर जड भरतो."

पुनमचा चेहरा उतरला. बर्फ गेला नव्हता, नुसता ओला झाला होता. तिने पुन्हा फोन लावला, तर रेंज नाही. अकराव्यांदा लागला.

"दादा, मी चुकले. तंबू सोड अन् वर चढ."

एवढ्यात फोन तुटला. मी त्या दरीवरून गेलो, पण मला माणसं दिसत नाहीत. संध्याकाळी भागवतचा फोन आला. "लई पाणी आलं, तंबूची जागाच न्हाई राहिली. समदे वर बसून राहिलोत."

मित्रांनो, आजही मी तीन दऱ्यांसाठी शून्य कळवलं आहे. तिथे काठावर कोण राहतं, मला माहीत नाही. माझा आकडा हाती आला, तर आधी नदीकाठच्या माणसाला विचारा, नदीला तेवढं पाणी आलं का. मला खरंच भीती वाटते.