घरापर्यंत पुरणारा पिच्चर

चालू.

मी एक जुनी बॅटरी आहे, मित्रांनो. म्हणजे बटण दाबलं की आहे, सोडलं की नाही. म्हणून माझी गोष्टही तुकड्यातुकड्यांची आहे. बंद असताना मला दिसत नाही, फक्त ऐकू येतं. आणि मला अंधाराची भीती वाटते. हसू नका. अंधारात जायलाच जिला बनवलं, तिला ती वाटणारच.

मी पत्र्याची, तीन सेलची. हौशीरामांनी मला ओतूरच्या बाजारातून कळंबजवळच्या त्यांच्या मळ्यावर आणलं. तेव्हा शेताची लाइट रात्रीचीच यायची. मी उसाच्या पाण्याबरोबर बांधाबांधानं हिंडले. माझा झोत ओढ्यापलीकडे पोचतो, असं ते पावण्यांना कौतुकानं सांगत.

बंद.

मग मोबाइल आले. त्यांच्या पाठीतच दिवा होता. मी खिळ्यावर लटकले. आतले सेल पाझरले, स्प्रिंग गंजली.

चालू.

मग बिबट्या आला. आधी कुत्रं गेलं, मग शेजारच्या मळ्यातलं वासरू. हौशीरामांनी माझी स्प्रिंग घासली, सेल घातले. पुन्हा काम मिळालं, पण आनंद काही नीट करता आला नाही.

वनखात्याच्या माणसांनी सांगितलं होतं : एकटं जाऊ नका, वाकू नका, पळू नका, मोठ्यानं बोलत चला. आमच्या घरानं हे सिनेमालाही लावलं. रस्त्यापासून घरापर्यंतची वाट दोन्ही बाजूंनी उसातून जाते. मागच्या खेपेला रडका पिच्चर बघून सगळे गप्प झाले, तेव्हा हौशीरामांना घर येईपर्यंत कांद्याचे भाव ओरडावे लागले होते. म्हणून हौशीरामांच्या बायकोनं, ठमाबाईंनी, नियम केला होता.

“पिच्चर असा बघा, का घरापातूर भांडता आलं पायजे.”

त्या गुरुवारी लाइट गेली होती. मला फळीवर उभं ठेवलं होतं. त्यांची सून वृषाली मोबाइलवर या आठवड्याचे नवे पिच्चर वाचून दाखवत होती. तिचा नवरा चाकणला कंपनीत, रविवारीच यायचा. एक पिच्चर मारामारीचा होता. त्यावर बोलण्यासारखं दहा पावलांचंही नसतं, असं हौशीराम म्हणाले. दुसरा हसायचा. हसणं एसटीतच संपतं, असं ठमाबाईंचं मत पडलं. तिसरा सासू-सुनेचा.

“सासू-सुनंचा हाय म्हंजे भांडण भरपूर,” ठमाबाई म्हणाल्या. “ह्योच घ्या. गावापातूर पुरंल.”

वृषालीनं त्याची गोष्ट मनातल्या मनात वाचली. मोठ्यानं वाचली नाही.

बंद.

मंचरच्या थेटरात मी पिशवीत होते, पिशवी वृषालीच्या मांडीवर. हौशीराम या खेपेला मळ्यावरच राहिले होते. दुपारचाच खेळ होता, उजेडी परतायचं म्हणून. मी भांडणाची वाट बघत होते. पण त्या पिच्चरमध्ये कोणी बोलतच नव्हतं. भांड्यांचे आवाज, खोकला. मग फोन वाजला. सुनेची आई आजारी होती, आणि सुगी सरेपर्यंत सासू तिला सोडत नव्हती. सोडलं तेव्हा उशीर झाला होता.

पिशवीवर टप टप असा आवाज आला. मी ओळखला.

चालू.

एसटी वेळेवर आलीच नाही, आली ती उशिरा. फाट्यावर उतरलो तेव्हा दिवस बुडाला होता. बोलणं सुचलं नाही तर मोबाइलवर गाणी तरी लावता आली असती, पण वृषालीच्या लेकीनं, छोट्या समृद्धीनं, कार्टून बघून मोबाइल संपवला होता. ठमाबाईंनी माझं बटण दाबलं.

माझा उजेड पिवळा, हळदीच्या पाण्यासारखा. दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला ऊस. मधे समृद्धी.

आणि कोणीच बोलत नव्हतं.

बोला ना, मी म्हणत होते. पण मला तोंड नाही. नुसती काच आहे.

बंद.

ठमाबाईंनी मला तळहातावर आपटलं.

चालू.

उसाच्या कडेला दोन हिरवे ठिपके. खाली. समृद्धीच्या उंचीवर.

ठमाबाईंनी तोंड उघडलं. आवाज आला नाही, नुसती हवा आली. समृद्धीची चप्पल निघाली होती. ती घ्यायला पोरगी वाकू लागली. वृषालीनं तिला झटक्यात उचलून कडेवर घेतलं आणि ती बोलली. खणखणीत.

“आत्याबाई, त्या बाईनं सुनंला सोडायला पायजे व्हतं.”

“काम व्हतं घरात.” ठमाबाईंचा आवाज कसाबसा निघाला.

“काम व्हतं म्हणून आईचं तोंड बघू द्यायचं नाय?”

“पिच्चर हाय त्यो, वृषाले.”

“माझी आई पिच्चरमधी मेली का? माझं पेठचं माहेर काय लई लांब हाय? समदा कांदा निघाला, तवा सोडलं तुमी मला.”

ठिपके हलले नाहीत.

घरी हा विषय निघाला की ठमाबाई गप्प होत आणि उठून जात. इथं उठून जायला जागा नव्हती. आणि गप्प बसायची सोय नव्हती. त्यांनी नातीकडे पाहिलं. मग साऱ्या उसाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या बोलल्या.

“मजूर मिळत नव्हतं. मला वाटलं, म्हातारी चार दिस काढंल. मला वाटलं ना तसं. चुकलं माझं. चुकलं म्हणते ना.”

एक ठिपका विझला. मग दुसरा. उसातलं वाळलं पाचट करकरलं, लांब लांब गेलं. कोणी पळालं नाही.

“मग तवा का नाय बोललात?” वृषालीनं विचारलं. तिचा आवाज अजून तेवढाच मोठा होता.

बंद.

आता मी कायमची विझले असं मला वाटलं. अंधारात दोन बायकांची पावलं अगदी जवळजवळ वाजत होती, आणि दोघी एकदम बोलत होत्या, रडतही होत्या. समोरून हौशीराम काठी आपटत आले. लांबूनच म्हणाले, “पिच्चर जोरात दिसतोय.”

त्या दोघींचं अजून संपलं नव्हतं.

चालू.

मित्रांनो, ऊस अजून उभा आहे, आणि मी अजून भिते. माझ्यासारखी कोणी तुमच्या खिळ्यावर असेल, तर तिचे सेल पाझरण्याआधी बदला. आणि घरात कुणाला काही बोलायचं राहिलं असेल, तर लख्ख दिव्यात, बसून बोला. माझ्या उजेडात बोलायची पाळी येऊ देऊ नका.

तो फार थोडा आहे.