जाईबाई व इतर

माझा थोरला, अश्विन, तोंडानं खोटं बोलत नाही. कागदावर अर्धं लिहून मोकळा होतो. ही खोड त्याच्या बापात नव्हती, माझ्यात तर नाहीच.

राजापेठेत त्याचं इंटरनेट पुरवायचं ऑफिस आहे. परवाना माझ्या नावावर, म्हणून पाटीवरही मीच: जाईबाई नेटवर्क. शाळा माझी तिसरीपर्यंत, पण धंदा मला कळतो. इंटरनेटवरच्या जोडणीला घरनंबरासारखा एक नंबर असतो. अश्विनला वरून अशा नंबरांचा गठ्ठा मिळतो. त्यातले आठ-आठ, सोळा-सोळा तो गिऱ्हाइकांना तोडून देतो. ज्याला दिले त्याचं नाव, पत्ता, फोन जगाला दिसेल अशा नोंदवहीत चढवायचा, हा नियम. घरगुती माणसाचं नाव झाकता येतं. दुकानाचं, संस्थेचं नाही.

सोमवारी सकाळी तेल्हाऱ्याहून पौर्णिमाचा फोन आला. तिची तिथं चाळीस खुर्च्यांची संगणकाची शाळा आहे, नंबर आमच्याकडचे. नर्सिंगच्या ऑनलाइन परीक्षेचं केंद्र तिला मिळणार होतं.

"जाईमावशी, माह्या नंबरायवर तुमचं नाव कसं व? परीक्षावाले म्हणतात, हे केंद्र तुमचंच हाय कशावरून? आज पाचपर्यंत नोंद बदलली नाई तं केंद्र रद्द. साऱ्या पोरीयले अकोल्याले जा लागीन."

मी अश्विनच्या टेबलापाशी गेले. "वही दाखव."

त्यानं पडदा माझ्याकडे फिरवला. इंग्रजी येत नसलं तरी माझं नाव मी कुठंही ओळखते. ते उभ्या रांगेत एकवीस वेळा होतं.

"नावाच्या पुढं काय लिवलं?"

"व इतर," तो पुटपुटला.

व इतर! माझ्या बापाच्या सातबाऱ्यावर भावाचं नाव होतं आणि पुढं हेच दोन शब्द. आम्ही तिघी बहिणी त्या दोन शब्दांत कोंबलेल्या. तलाठी बदलले, शब्द बदलले नाहीत. आमची नावं चढवायला मी चांदूर बाजारच्या तहसिलीत चार वर्षं चपला झिजवल्या. आणि माझ्या पोटच्या पोरानं एकवीस जण तसेच कोंबले, तेही माझ्या नावाखाली.

"काहून केलं असं?"

"माय, वही साऱ्यायले दिसते. अकोल्याचा तो दुसरा नेटवाला नावं पाहून गिऱ्हाईक फोडते. तुह्या नावाखाली झाकले तं त्याले काई सापडत नाई."

"अन् पौर्णिमाचं केंद्र हातचं चाललं त्याचं काय?"

"उद्या करतो ना. जेवून घेतो आता."

मी खुर्ची ओढून दारात बसले. "जेवण कुठं पळून नाई जात. लाव तिले फोन."

फोन लागला. अश्विननं पत्ता विचारला.

"बस स्टँडच्या मांगं," पौर्णिमा म्हणाली.

"गल्ली सांग वं पोरी, घर नंबर सांग," मी मधेच ओरडले. "पाहुणा जेवाले येऊन राहिला का?"

तिनं सगळं नीट सांगितलं. मग अश्विन म्हणाला, "जबाबदार माणूस कोण लिवू? तुमच्या मिस्टरचं टाकतो."

"त्यायले राउटर कोन्या खोलीत हाय तेबी माईत नाई," ती म्हणाली. "माहं टाका."

साडेतीनला नोंद गेली. पावणेपाचला तिचा फोन आला, केंद्र पक्कं. अश्विन हात झटकून उठला.

"बस खाली. वीस राहिले," मी म्हटलं.

तो बसला. दोन नावं चढवली. तिसरं कापसाच्या एका जिनिंगवाल्याचं होतं, सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक. तिथं त्याचा हात थांबला.

"माय, हे फुटलं तं?"

ऑफिसातली दोन्ही पोरं ऐकत होती. ऐकू देत, म्हटलं, आणि मोठ्यानंच बोलले:

"फुटलं तं फुटू दे. तू आळशी असता तं म्या कान धरून सोडून देल्लं असतं, अश्विन. तू भेकड हायस. आपल्या लाइनीवर तुलेच भरोसा नाई, म्हणून मायच्या पदराखाली दुकान लपवतं! ज्याचे नंबर, त्याचं नाव. लिव."